ऊन तुझ्या बाजूला

पास्कू, आज गाडी उन्हात उभी आहे.

सकाळपासून उभी आहे. काचा घट्ट बंद, तोंड थेट पश्चिमेला, वर ना गोणपाट ना झावळी. मी ओटीवर बसून तिच्याकडे बघते आहे. टपावरची हवा हलते आहे आणि तिच्यातून पलीकडची भिंत वाकडी दिसते आहे. शेजारचा लोरेन्स सकाळी आला, तुझी आठवण म्हणून गाडी पुसून गेला, आणि आत धूळ जायला नको म्हणून जाताना काचा लावून गेला. तू असतास तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असतास. आता आत बसणार कोण आहे, म्हणून मी बोलू?

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. लोक येतात. कारखान्यातले येतात, गावठाणाच्या बँडमधले येतात, बिस्किटांचे पुडे घेऊन येतात आणि पास्कू कसा होता हे मलाच सांगतात. तू नोकरीत कसा वक्तशीर होतास, क्लॅरिनेट कसा वाजवायचास. मी मान हलवते. मी ज्या पास्कूबरोबर राहिले त्याच्याबद्दल कोणी काही बोलत नाही. कारण तो भर मेमध्ये अर्धी चड्डी घालून गाडीच्या टपावर ओलं गोणपाट पसरत असायचा आणि हेच लोक जाता-येता त्याला हसायचे. मेलेल्या माणसाला हसलो होतो असं कोण कबूल करतं?

हे सगळं माझ्या पायांपायी झालं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने आपल्याला समजावलं होतं, की वायरवरचं प्लास्टिक झिजावं तसं माझ्या नसांवरचं आवरण झिजतंय. थंडीत मी बरी असायचे. पण अंगात उष्णता शिरली की पाय माझे राहायचे नाहीत. आधी डोळ्यांपुढे धुकं यायचं, मग गुडघे सुटायचे. गार जागी थोडा वेळ पडलं की पुन्हा उभी. लोकांना हे नाटक वाटायचं. सकाळी दोन हंडे पाणी भरणारी बाई दुपारी बसमधून उतरताना पायरीवरच बसते, हे कोणाच्या पचनी पडणार? तुझी थोरली बहीण, आपली सिसिलबाय, तोंडावर म्हणाली होती, "कामाच्या वक्ताला बरे पाय जातात हिचे." तू तिच्याशी पूर्ण लेंटभर, उपासाचे चाळीस दिवस, बोलला नव्हतास.

डॉक्टर म्हणाला, उन्हाळ्यात घराबाहेर पडू नका. मी हो म्हणून बसले. तू विचारलंस, "उन्हाळा म्हंजे किती, डॉक्टर? आमच्याकडं मार्चपासून जूनपर्यंत हाय, मग परत ऑक्टोबर हाय." डॉक्टर हसला. तू हसला नव्हतास. मी महापालिकेच्या शाळेतली नोकरी सोडली, चौथीचा वर्ग सोडला, आणि घरात बसून राहायचं ठरवलं. मला वाटलं, चला, एवढ्यावर निभावलं.

आणि मग तू ती गाडी घेऊन आलास. कोणाची तरी वापरून सोडलेली, काळी कुळकुळीत. मला आवडली होती. महिन्याभरात तू ती पांढरी करून आणलीस, चुना फासावा तशी. काळा रंग ऊन पितो म्हणालास. मी निदान आकाशी तरी कर म्हणत होते. गावठाणात सगळे विचारायला लागले, "पास्कू, अँब्युलन्स काढली काय रे? कोण सीरियस हाय?" तू म्हणायचास, "बायको हाय ना." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तेव्हापासून आपले उन्हाळे त्या गाडीतच गेले. बाकीच्यांचे उन्हाळे आंब्यात जातात, लग्नात जातात. तुझा उन्हाळा गाडी गार ठेवण्यात जायचा. गावठाणातल्या क्रुसाशेजारी ती मोठी चिंच होती तोवर सोपं होतं. चिंचेची सावली कशी सरकते हे तुला पाठ होतं आणि त्याप्रमाणे तू गाडी सकाळपासून ढकलत असायचास. इंजिन चालू करायचं नाही, तेवढीच गरमी वाढते, म्हणून ढकलायची. मग तिथे बिल्डिंग आली आणि चिंच गेली. आख्खं गाव हळहळलं, की केवढं जुनं झाड, आजोबांच्या वेळचं. तू एकटाच म्हणालास, "आता रेजीला बांद्र्याला कशी न्यायची?"

मग तू मांडव घातलास. आपल्याकडे लग्नाला घालतात तसाच, बांबूचे चार खांब आणि वर झावळ्यांचं दाट छप्पर. येणारे-जाणारे विचारायचे, घरात लगीन कुणाचं. "गाडीचं," तू सांगायचास, चेहरा गंभीर ठेवून. पुढे दर मार्चला तू मांडव घालायला लागलास आणि गावठाणाला त्याचंही काही वाटेनासं झालं. पोरं त्याला गाडीचा मांडव म्हणायची. कोणाच्या घरी जायचं असेल तर पत्ताच तसा सांगायचे, गाडीच्या मांडवापासून डावीकडे.

निघायच्या आधी तुझा जो कार्यक्रम चालायचा तो मी ओटीवरून बघायचे. डावीकडची मागची काच पूर्ण खाली. मग उजवीकडचं पुढचं दार धरून उघडझाप, उघडझाप, सूप पाखडावं तसं. आतली गरम हवा पलीकडून बाहेर जायची. मग सीटवर हात ठेवून बघायचास. मी शिवलेले मांजरपाटाचे अभ्रे भिजवून, पिळून सीटवर घालायचास, मागे वाळ्याची जुडी टांगायचास, आणि शेवटी ओरडायचास, "चल गं, झालं तुझं काश्मीर." मुंबईच्या दमट हवेत ते काश्मीर पहिल्या सिग्नलपर्यंत टिकायची. पण तुझी ओली मनगटं आणि लाल झालेलं तोंड बघून तुला हे कोण सांगणार?

बर्फ तुला नंतर सुचला. मार्केटातल्या हिराबाय कोळणीकडून तू मासळीचा बर्फ आणायचास, जस्ताच्या टबात घालायचास आणि टब माझ्या पायाशी. त्यावर गोणपाट, गोणपाटावर माझे पाय. देवाशप्पथ सांगते, पास्कू, त्यासारखं सुख नाही. तळव्यांतून गारवा वर चढायचा आणि मला माझे गुडघे परत मिळायचे. फक्त वास मात्र बोंबलाचा. मी लग्नाला जाऊ दे नाही तर चर्चमध्ये मिस्साला, आधी माझा वास पोचायचा.

मग तुझ्या डोक्यात मीठ शिरलं. तुझे मामा भांडुपच्या मिठागरात होते, त्यामुळे मिठाने सगळं होतं असा तुझा विश्वास. आइस्क्रीमच्या पॉटात बर्फावर मीठ टाकतात, बर्फ जास्त गार होतो, मग गाडीत का नाही? खरंच झाला जास्त गार. माझ्या टाचांना फोड आले. आणि टबातून सांडलेलं खारट पाणी गाडीच्या तळाशी मुरत राहिलं. एके दिवशी जोगेश्वरीच्या पुलावर मी खाली बघितलं तर माझ्या पायांमधून रस्ता पळताना दिसला. गंजाने भगदाड पाडलं होतं. गाडी गार करायला निघालास आणि डांबराची सगळी धग खालून आत घेतलीस. मी त्या दिवशी एवढी हसले, की तू रागाने गाडी कडेला घेतलीस. मग तूही हसायला लागलास. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तू ते भोक बुजवलंस. तो पत्रा अजून आहे.

आणि ऊन. ऊन नेहमी तुझ्या बाजूला हवं, माझ्या बाजूला नको. मागच्या सीटवर वारा पोचत नाही आणि टब मावत नाही, म्हणून मी पुढे डावीकडेच बसायचे. तेव्हा तू ठरवलंस, सकाळी जायचं तर फक्त मालाड-बोरिवलीकडे, दुपारी जायचं तर फक्त बांद्र्याकडे. म्हणजे सूर्य तुझ्या खिडकीत. माझं माहेर बांद्र्याचं. दुपारी गेलो की संध्याकाळी परत निघता यायचं नाही, कारण परतताना मावळतीचं ऊन माझ्यावर. मग आपण रात्री तिथेच राहायचो आणि सकाळी निघायचो. माझी आई खूश. म्हणायची, जावई सूर्याला विचारून येतो, पण येतो तेव्हा राहतो. एकदा बोरिवलीला कोणी वारलं आणि निरोप दुपारी आला. तू मला नेलं नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी नेलंस, तोवर माती देऊन झाली होती. त्या लोकांनी आपल्याशी संबंध तोडले. तू म्हणालास, तोडू दे.

पण माझ्या भाचीचं लग्न मी विसरणार नाही. मेचा महिना, बांद्र्याचा हॉल, आणि सगळ्यांची खात्री की रेजीमावशीला उचलून आणावं लागणार. मी गाडीतून उतरले आणि चालत गेले. हॉलच्या दारापासून स्टेजपर्यंत, साडीच्या निऱ्या सावरत, कोणाचा हात न धरता. माझी आई रडली होती. तू आत आलाच नाहीस. मला वाटलं गाडी लावतोयस. तू लग्न संपेपर्यंत गाडीपाशी थांबलास, टबातलं पाणी काढत, गोणपाट भिजवत, मला आतून लगेच निघावं लागलं तर गाडी तयार असावी म्हणून. मी रुमालात बांधून तुझ्यासाठी तळलेल्या गरम फुगिया आणल्या. त्या तू स्टिअरिंगवर ठेवून खाल्ल्यास आणि विचारलंस, "चाललीस ना नीट?" एवढंच. मी हो म्हणाले. त्याहून बरंच काही म्हणायला हवं होतं असं आता वाटतं. पण तेव्हा फुगिया गार झाल्या होत्या आणि तू भुकेलेला होतास.

आपलं भांडण मात्र राहून गेलं. आपला सायमन बाहरीनला नोकरीला लागल्यापासून ते चालू होतं. त्याने पत्रात विचारलं, मम्मीसाठी इथून चाकांची खुर्ची पाठवू का. मला हवी होती. खरंच हवी होती, पास्कू. दर वेळी बाहेर पडताना आज पाय चालतील का याची धास्ती मला नको झाली होती. तू म्हणालास, "खुर्ची घरात आली की तू उठणार नायस." मी म्हणाले, आणि तुला काही झालं तर? निदान लोरेन्सला तरी हे सगळं शिकवून ठेव. तू म्हणालास, "लोरेन्सला? त्याला सोताचा चहा गार करता येत नाय." मी म्हणाले, तू माझ्याहून आठ वर्षांनी मोठा आहेस. त्यावर तू उठून मांडवाखाली गेलास आणि उगाचच झावळ्या सारख्या करत राहिलास. मला राग आला. माझे पाय आहेत की तुझे? मी चालायला हवी हे तू ठरवलंस, मी कशी चालायची हेही तूच ठरवलंस, आणि तुझ्यामागे मी काय करायचं एवढं मात्र ठरवायला तयार नव्हतास. तो राग अजून गेलेला नाही. कोणावर काढू, हे कळत नाही.

त्या सकाळी तू गोणपाट भिजवायला नळाखाली बादली लावलीस आणि शेजारच्या पायरीवर बसलास. बादली भरून वाहायला लागली. मेमध्ये पाण्याची केवढी ओढ, आणि हा माणूस बघत बसलाय. मी आतून ओरडले, "पास्कू, पाणी वाहतंय." दोनदा ओरडले. तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य हे. डॉक्टर म्हणाला हृदय, आणि म्हणाला की तुला कळलंही नसेल. मला हे ऐकून बरं वाटावं अशी त्याची अपेक्षा दिसली.

सायमनला यायला दुसऱ्या दिवसाची दुपार होणार होती, म्हणून तुला बाकावर बर्फाच्या लाद्या मांडून त्यांवर ठेवायचं ठरलं. हिराबायला निरोप गेला. तिने स्वतः हातगाडीबरोबर येऊन लाद्या उतरवून घेतल्या, भुसा धुऊन काढला, आणि मला म्हणाली, "इतकी वर्सं तुज्यासाठी नेला गं त्यानं. आज त्याच्यासाठी आला." मग ती पदरात तोंड घालून रडली. मी रडले नाही. मला ते खोटं वाटत होतं. आपल्या घरात बर्फ येतो तो माझ्यासाठी येतो. बर्फ आला की तू येऊन म्हणायचास, चल. मी पूर्ण दिवस त्या बाकाशेजारी बसून होते. तुझे दोन्ही हात छातीवर जुळवून त्यांत रोझरीची माळ गुंडाळली होती. उजवा हात काळा ठिक्कर, कोपरापासून बोटांपर्यंत. डावा गोरा. बघायला आलेल्या एका बाईने हळूच विचारलं, हे कसल्या आजाराने झालं. मी तिला काय सांगू?

आता तुला माती दिली त्या दिवसाचं ऐक. मांडव मोडला. लोक उन्हात ताटकळत उभे होते, म्हणून पोरांनी तुझ्या गाडीवरच्या झावळ्या काढल्या आणि घरासमोर बांधल्या. चांगल्या मनाने केलं. आणि लोरेन्सने गाडी धुतली, बॉनेटवर हार घातला, आणि मला लगेच बसता यावं म्हणून सकाळीच दारात आणून उभी केली. भर उन्हात. काचा बंद. माझ्यासाठी एवढं केलं याचा त्याला केवढा आनंद झाला होता. तू गेल्यावर तो पहिल्यांदाच जरा सावरलेला दिसत होता. सायमन आला, त्याने मला नेण्यासाठी गाडीचं दार उघडलं आणि हात मागे घेतला. भट्टीच होती ती.

सिमेट्री गावठाणापासून लांब, उत्तरेला, आणि वेळ चारची. सायमन माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला. "मम्मी, तू घरीच बस. कोण काय बोलणार नाय. इथं रोझरी म्हण." सिसिलबायही तेच म्हणाली, आणि या वेळी प्रेमाने म्हणाली. दुसरी कोणतीही गोष्ट असती तर मी ऐकलं असतं. पण तुझ्या पेटीवर माती टाकायला मी कोणाच्या हातांवर जाणार नव्हते, आणि घरी तर मुळीच राहायची नव्हते. इतके उन्हाळे तू मला कशासाठी चालती ठेवलीस, भाचीच्या लग्नासाठी? मला तुझ्यामागे चालत यायचं होतं. तेवढंच हवं होतं. त्यानंतरचं काही नको होतं.

मी बर्फ मागवायला सांगितला. एक पोरगा मार्केटात जाऊन आला. दुपार झालेली, त्यात लग्नसराई, बर्फाचा खडा शिल्लक नव्हता. तेवढ्यात फादर आले, आणि तुला बाकावरून उचलून पेटीत ठेवलं. खाली लाद्या राहिल्या. निम्म्याअधिक वितळलेल्या, मधोमध तुझ्या पाठीच्या आकाराचा खळगा पडलेला. दोघे जण त्या उचलून मागच्या गटाराकडे निघाले.

मी म्हणाले, "तो टाकू नका. फोडा आणि गाडीत घाला."

सिसिलबाय म्हणाली, "वेडी झालीस काय? मयताखालचा बरफ हाय तो. त्यावर पाय ठेवणार तू?"

"माजाच नवरा हाय, बाय," मी म्हणाले. "मना त्याचं काय होणार हाय?"

कोणी हलेना. मग हिराबाय पुढे आली आणि तिने आपल्या टोच्याने लादी फोडायला घेतली. एकदा आवाज सुरू झाल्यावर बाकीचे हलले. मी खुर्चीत बसून हुकूम सोडत होते. गाडी लोरेन्सच्या भिंतीच्या सावलीत न्या. ढकला, चालू करू नका. हार काढा. डावी मागची काच खाली, उजवं दार हलवा. काळे सूट घातलेली माणसं, घामाने थबथबलेली, गाडीचं दार पंख्यासारखं हलवत होती आणि फादर हातात पवित्र पाण्याचं भांडं घेऊन थांबले होते. तू पेटीत होतास. तू हे बघायला हवं होतंस. लोरेन्स दार हलवता हलवता रडायला लागला आणि म्हणाला, "असं करायचा काय तो? मना वाटायचं, टाइमपास करतोय."

अंत्ययात्रा पायी निघणार होती, पुढे तुझाच बँड. तिच्यामागे गाडी मुंगीच्या पावलाने गेली असती तर वारा मिळाला नसता आणि निम्म्या वाटेतच मी संपले असते. म्हणून मी लोरेन्सला दुसऱ्या रस्त्याने जोरात हाणायला सांगितलं. लोकांनी ते बघितलं असणार, की नवऱ्याची पेटी दारातून निघते आहे आणि बायको गाडीत बसून भलतीकडे पळते आहे. ऊन माझ्या बाजूला होतं. चार वाजता उत्तरेला, दुसरं काय होणार? सायमनने बाहरीनहून आणलेला नवा कोट टबात बुचकळला आणि मागे बसून, हात पुढे करून, पूर्ण वाटभर माझ्या खिडकीला धरून ठेवला. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. पाय मी तुझ्या बर्फावर ठेवले होते. मासळीचा वास येत नव्हता. भुशाचा येत होता, आणि थोडा मेणबत्त्यांचा.

तुझ्या आधी मी पोचले. फाटकाजवळच्या झाडाखाली गाडीतच थांबले, पाय टबात ठेवून. लांबून बँड ऐकू आला. त्यात क्लॅरिनेट नव्हतं. तुम्ही फाटकात आलात तेव्हा मी पाय पुसले, चप्पल घातली आणि उतरले. सायमनने हात पुढे केला, तो मी घेतला नाही. पेटीमागे चालले. वाट खडीची होती, मधे दोन पायऱ्या होत्या. मला माझे गुडघे जाणवत होते, टाचा जाणवत होत्या, सगळं माझं होतं. कडेला उभ्या असलेल्या बायका कुजबुजल्या, मला ते ऐकू आलं, की बघ, चालतेय. फादरनी प्रार्थना म्हटली, पेटी खाली उतरली. मी वाकले, माती उचलली, टाकली. वाकून सरळही झाले.

नंतर डोळ्यांपुढे धुकं आलं. तुझं नाव घालायचा क्रूस मला दिसेना. मला माहीत होतं काय होणार आहे, म्हणून मी आपणहून खाली बसले, त्या ओल्या मातीवर. मला पडायचं नव्हतं. गर्दी कमी होईपर्यंत कोणाला कळलंही नाही. त्यांना वाटलं दुःखाने बसली.

झाडाची सावली सरकून गाडी पुन्हा भट्टी झाली होती आणि आत टबभर कोमट पाणी उरलं होतं. चर्चमधून एक लाकडी खुर्ची आणली, मला तिच्यात बसवलं, आणि उचललं. तुझी पेटी ज्यांनी खाली सोडली तेच चौघे, सायमन, लोरेन्स आणि बँडमधले दोघे. मी चौघांच्या खांद्यांच्या उंचीवरून घरी परत निघाले. वाटेत सायमन धापा टाकत म्हणाला, "मम्मी, जाताना सगळाच वापरायला नको होता. परतीला थोडा बरफ ठेवायचा ना."

तुझ्यापर्यंत मी माझ्या पायांनी आले होते, पास्कू. परत जायला काही राखून ठेवावं, असं घरात काही उरलं नव्हतं.